नदीची पुढची पिढी

माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावे लागत नाही, असे आपण म्हणतो. जे अंगभूतच असते ते शिकविण्याची गरज नसते, हा या म्हणीचा भावार्थ. खाडीकाठचा कोळी असो की नदीकाठचा भोई असो, ही म्हण त्याला रोजच्या अनुभवाने पटलेली असते. परंतु असेही पाणी असते, की ज्यात माशाच्या पिल्लालासुद्धा नीट पोहता येत नाही. त्याचा कणा वाकलेला असतो. वास ओळखण्याची त्याची शक्ती मंदावलेली असते. शत्रू जवळ आला तरी त्याला त्याची चाहूल लागत नाही. विशेष हे, की असे पाणी दिसावयास निर्मळ असते. त्याला दुर्गंधी येत नाही, त्यावर तवंग नसतो. इतकेच नव्हे, तर मोठे मासेही त्यात खुशाल विहार करताना दिसतात. मग या पाण्यात असे काय असते, की जे मोठ्यांना सोडून लहानांचाच घात करते?

शिसे, जस्त, तांबे, पारा, कॅडमियम इत्यादी धातूंना जड धातू असे म्हणतात. यांपैकी तांबे व जस्त हे अत्यल्प प्रमाणात प्राण्यांच्या शरीराला आवश्यक असतात. ते प्रमाण ओलांडले, की तेच विष ठरतात. शिसे, पारा व कॅडमियम यांचा मात्र माशांच्या शरीराला काहीच उपयोग नाही. खाणी, धातू वितळविण्याच्या भट्ट्या, मुलामा देण्याचे कारखाने, रंग, जुन्या बॅटऱ्या अशा अनेक वाटांनी हे धातू पाण्यात येतात. पालापाचोळा किंवा सांडपाणी नदीत पडले, तर कालांतराने सूक्ष्म जंतू ते कुजवितात व नदी पुन्हा शुद्ध होते. धातूचे तसे नाही. धातू कुजत नाही, जळत नाही आणि नाहीसाही होत नाही. तो पाण्यातून गाळात जातो, गाळातून किड्यांत जातो, किड्यांतून माशांत जातो. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे वेगळ्याच अर्थाने खरी ठरते.

लहान माशांवरच या विषाचा घाला अधिक का पडतो, हे समजण्यासाठी त्यांच्या बाळपणाकडे थोडे पाहिले पाहिजे. आपल्या देशातील रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात, नद्यांना पूर येतात त्या सुमारास अंडी घालतात. एकेक मादी लाखाहून अधिक अंडी घालते. रोहूची अंडी पंधरा ते वीस तासांत फुटतात आणि जिऱ्याएवढे इवलेसे जीव बाहेर पडतात. मत्स्यव्यवसायात त्यांना मत्स्यजिरे म्हणतात, ते किती समर्पक आहे! त्यानंतरची अवस्था मत्स्यबीजाची आणि बोटाएवढी वाढ झाली म्हणजे बोटुकलीची. पहिले सुमारे तीन दिवस या पिल्लाच्या पोटाशी बलकाची एक पिशवी असते. आईने दिलेली ती शिदोरीच होय. ती संपेपर्यंत पिल्लाचे तोंड, डोळे, पर, कल्ले हे सर्व तयार व्हावयाचे असते. त्यापुढे त्याला आपले अन्न आपणच शोधावे लागते.

मोठा मासा कल्ल्यांनी श्वास घेतो आणि त्याच्या अंगावर खवल्यांचे चिलखत असते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाजवळ यांपैकी काहीच नसते. त्याचे कल्ले अद्याप कामास लागलेले नसतात. ते आपल्या पातळ कातडीतूनच प्राणवायू घेते, आणि हाडांसाठी लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, हाही त्याच कातडीतून पाण्यातून शोषून घेते. शिवाय वस्तू जितकी लहान, तितका तिच्या वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा. म्हणून ज्या पाण्याचा मोठ्या माशाला केवळ स्पर्श होतो, ते पाणी पिल्लाच्या जणू सर्वांगात शिरते. घर बांधावयास घेतले असता पायाचा एक दगड तिरपा बसला, तर सारी भिंत तिरपी होते. बांधून झालेल्या घराचा एखादा दगड निसटला, तर तेवढे नुकसान होत नाही. पिल्लाचे शरीर हे असे बांधले जात असलेले घर आहे.

धातूंमुळे मासे मरतात, ही गोष्ट काळजीपूर्वक अभ्यासली गेली ती वेल्स देशात. त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲबरिस्ट्विथ नावाचे गाव आहे. तेथे ऱ्हायडॉल आणि अस्ट्विथ या दोन नद्या समुद्राला मिळतात. या नद्यांच्या खोऱ्यांतील डोंगरांत शिशाच्या व जस्ताच्या पुष्कळ खाणी होत्या. खनिज कुटून पाण्याने धुवावयाचे आणि उरलेली बारीक रेती जवळच टाकून द्यावयाची, अशी तेथील पद्धत होती. त्या रेतीचे डोंगर नदीकाठी साचले. एके काळी ट्राउट माशांसाठी उत्तम असलेल्या या नद्यांतून मासे दिसेनासे झाले.

पहिल्या महायुद्धानंतर कॅथलीन कार्पेंटर या प्राणिशास्त्रज्ञ विदुषीने या नद्यांचे काठ पालथे घातले. ऱ्हायडॉलच्या खालच्या भागात दगड उलटून उलटून त्यांनी शोध घेतला, तेव्हा पाणकिडे वगैरे लहान प्राण्यांच्या अवघ्या १४ जाती त्यांना आढळल्या. १९२४ सालापासून त्यांचे लेख प्रसिद्ध होऊ लागले. तोपर्यंत अनेकांची समजूत अशी होती, की खाणीतील टोकदार रेती माशांच्या कल्ल्यांना जखमा करते व त्यामुळे ते मरतात. कार्पेंटर यांनी प्रयोगांनी दाखवून दिले, की खरा अपराधी रेती नसून पाण्यात विरघळलेला धातू आहे. रेतीच्या ढिगांतील शिशाचे खनिज सहसा पाण्यात विरघळत नाही. परंतु हवा व ओल यांच्या योगाने त्याचे हळूहळू विरघळणाऱ्या क्षारात रूपांतर होते. मग पाऊस आला, की हा क्षार एकदम नदीत धुऊन येतो. माशाच्या कल्ल्यांवर बुळबुळीत चिकटा असतो. शिशाचा क्षार त्या चिकट्याशी संयोग पावतो आणि कल्ल्यांवर एक पापुद्रा धरतो. भोवती पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरून मरतो.

पुढे त्याच भागातील जे. आर. एरिक्सन जोन्स या शास्त्रज्ञाने हा अभ्यास चालू ठेवला. पाण्यात कॅल्शियम अधिक असेल तर शिसे व जस्त यांचे विष सौम्य होते, असे त्यांनी १९३८ साली दाखविले. चुनखडीच्या प्रदेशातील पाणी दुष्फेन असते, म्हणजे त्यात साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यात मासा काहीसा सुरक्षित असतो. वेल्समधील डोंगरी झऱ्यांचे पाणी मात्र सुफेन. त्यात कॅल्शियम फारच थोडे. त्यामुळे त्या नद्यांना थोडा धातूही भारी पडला.

कल्ल्यांवर पापुद्रा धरून मासे मरतात, हा धातूचा उघड हल्ला झाला. मेलेले मासे पाण्यावर तरंगतात, लोक पाहतात, आरडाओरडा होतो. परंतु धातूचे प्रमाण याहून पुष्कळ कमी असले म्हणजे काय होते? मासे मरत नाहीत, म्हणून पाणी निर्दोष आहे, असे म्हणावे काय?

या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील डलूथ येथे दीर्घकाळ चालणारे प्रयोग करण्यात आले. जे. एम. मॅक्किम आणि डी. ए. बेनॉइट यांनी ब्रूक ट्राउट जातीचे मासे तांब्याचा निरनिराळा अंश असलेल्या पाण्यात तब्बल बावीस महिने ठेवले. त्यांनी अंडी घालावीत, पिल्ले व्हावीत आणि ती वाढावीत, तोवर निरीक्षण चालू होते. १९७१ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका लिटरमध्ये १७.४ मायक्रोग्रॅम तांबे असलेल्या पाण्यात मोठे मासे जगले व वाढले. त्यांना काही झाल्याचे दिसले नाही. परंतु त्याच पाण्यात त्यांची पिल्ले मोठ्या संख्येने दगावली आणि उरलेल्यांची वाढ खुंटली. १७.४ मायक्रोग्रॅम म्हणजे किती? दहा लाख लिटर पाण्याचा एक मोठा हौद कल्पावा आणि त्यात सुमारे दीड तोळा तांबे विरघळले आहे असे समजावे. इतके ते अल्प! एवढ्याशा तांब्याने आईबाप जगले आणि संतती बुडाली.

शिशाची गोष्ट याहूनही करुण आहे. त्याच संशोधनशाळेत होल्कोंब आणि त्यांचे सहकारी यांनी ब्रूक ट्राउटच्या तीन पिढ्या शिशाच्या पाण्यात वाढवून पाहिल्या. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात असे नमूद आहे, की एका लिटरमध्ये २३५ मायक्रोग्रॅम शिसे असलेल्या पाण्यात दुसऱ्या पिढीच्या सर्वच माशांचा पाठीचा कणा वाकडा झाला. त्याच्या निम्म्या प्रमाणातही सुमारे एकतृतीयांश माशांच्या कण्याला बाक आला, आणि तिसऱ्या पिढीतील नवजात पिल्लांतही तेच व्यंग आढळले. पोहणाऱ्या प्राण्याचा कणाच वाकला, तर त्याने भक्ष्य कसे पकडावे आणि शत्रूपासून पळावे तरी कसे?

धातू हे काम कसे करतात? जस्त, कॅडमियम व शिसे यांचे अणू कॅल्शियमच्या वाटेनेच पिल्लाच्या शरीरात शिरतात. एखाद्या अरुंद दरवाजात परके लोक गर्दी करून उभे राहिले, तर घरच्या माणसांना आत जाता येत नाही. तसाच हा प्रकार. हाडे घडण्याच्या ऐन वेळी कॅल्शियम कमी पडते. दुष्फेन पाण्यात धातूचे विष सौम्य का होते, याचेही मर्म येथेच आहे. तेथे दरवाजाशी घरच्या माणसांचीच संख्या मोठी असते.

तांब्याचा घाला आणखी निराळा. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९३८ साली माशांविषयी एक मोठी मौजेची गोष्ट उजेडात आणली. मिनो नावाच्या लहान माशांच्या थव्यातील एकाच्या कातडीला जखम झाली, की तीतून एक द्रव्य पाण्यात मिसळते. त्याचा वास येताच इतर मासे घाबरून दूर पळतात. जखमी मासा जणू आपल्या बांधवांना धोक्याची सूचना देतो. असा इशारा इतरही अनेक जातींचे मासे ओळखतात. परंतु एका लिटरमध्ये काही थोडे मायक्रोग्रॅम तांबे असले, तरी सॅमन माशाच्या पिल्लाची घ्राणशक्ती काही तासांतच मंद होते. इशारा पाण्यात असतो, पण तो ओळखणारे नाक नसते. माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंस पार्श्वरेखा नावाचे एक इंद्रिय असते. पाण्यातील सूक्ष्म हालचाल तिच्या योगाने त्यांना कळते. गंगेच्या खोऱ्यातील पट्टेदार झेब्रा मासा १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी प्रथम वर्णिला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळला जातो, कारण त्याची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात आणि आतील जीवाची घडण डोळ्यांनी पाहता येते. या माशाच्या पिल्लांवर प्रयोग करता असे दिसून आले, की तांब्याने पार्श्वरेखेतील नाजूक केसांच्या पेशी नष्ट होतात. असे पिल्लू दिसावयास धडधाकट. पण नाकाने व स्पर्शाने ते अर्धे आंधळे झालेले असते. त्याला मारावयास विष पुरे पडले नाही, तरी पहिला भक्षक पुरे पडतो.

पाऱ्याची वाट तर थेट आईच्या शरीरातून जाते. पाण्यातील जंतू पाऱ्याचे मिथिल पारा नावाच्या संयुगात रूपांतर करतात. लहान जीवांना मोठे खातात, त्यांना त्याहून मोठे खातात, आणि प्रत्येक पायरीला या विषाचा संचय वाढत जातो. माशाच्या मादीच्या शरीरात साचलेला हा पारा तिच्या अंड्यांतही उतरतो. आईने बाळासाठी बांधून दिलेल्या शिदोरीतच विष मिसळते! मनुष्यजातीला याचा भयंकर अनुभव जपानमधील मिनामाता या गावी आला. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून मिथिल पारा उपसागरात सोडला जात होता. तेथील मासळी खाणाऱ्या कोळी कुटुंबांत एक विलक्षण रोग पसरल्याचे १९५६ साली अधिकृतपणे नोंदले गेले. हातपाय थरथरणे, दृष्टी व वाचा मंदावणे, झटके येणे अशी त्याची लक्षणे होती. त्याहून हृदयद्रावक गोष्ट अशी, की ज्या मातांना रोगाचा त्रास अगदी थोडा किंवा मुळीच जाणवला नव्हता, त्यांच्याही पोटी या रोगाने ग्रासलेली मुले जन्मास आली. ट्राउट माशांच्या हौदात जे दिसले, तेच मानवाच्या घरात दिसले. मोठी पिढी उभी असते, आणि आघात पुढच्या पिढीवर झालेला असतो.

म्हणूनच नदीचे आरोग्य पाहावयाचे, तर मोठे मासे जिवंत आहेत की नाहीत, एवढेच पाहून चालत नाही. एखाद्या गावात वृद्ध माणसे पुष्कळ आहेत, परंतु एकाही घरात पाळणा हलत नाही, तर त्या गावाचे भवितव्य काय? नदीचेही तसेच आहे. काही वर्षे जाळ्यात मोठे मासे येत राहतात. मग ते म्हातारे होऊन संपतात आणि मागून येणारे कोणी नसते. कोणताही गाजावाजा न होता नदी ओस पडते आणि तिच्यावर पोट भरणाऱ्या कुटुंबांची जाळी खुंटीला लागतात. हे ओळखून शास्त्रज्ञांनी आपली कसोटी बदलली. माशाच्या आयुष्यातील आरंभीचा काळ हाच बहुधा विषाला सर्वांत हळवा असतो, असे मॅक्किम यांनी अनेक प्रयोग तपासून १९७७ साली दाखविले. आता पाण्यात एखादे द्रव्य किती चालेल हे ठरविताना, अंडी व पिल्ले यांच्यावर त्याचा काय परिणाम होतो हे पाहण्याची पद्धत सर्वत्र मान्य झाली आहे. सर्वांत दुबळ्याला जे सोसेल, तेच सर्वांना सुरक्षित, हे या कसोटीचे तत्त्व होय.

मग यावर उपाय नाही काय? उपाय आहे, परंतु तो धातू नदीत जाण्यापूर्वीच योजावा लागतो. कारखान्याच्या पाण्यात चुना मिसळला असता बहुतेक धातू साक्याच्या रूपाने तळाशी बसतात आणि वेगळे काढता येतात. खाणीच्या ढिगांवर मातीचा जाड थर देऊन गवत लावता येते. पावसाचे पाणी ढिगांवरून न वाहता बाजूने जावे, यासाठी चर खणता येतात. वेल्समधील त्या दोन नद्यांचा पुढील इतिहास या बाबतीत बोध घेण्यासारखा आहे. खाणी बंद पडल्यावर ऱ्हायडॉल हळूहळू सावरली. जेथे कार्पेंटर यांना १४ जातींचे प्राणी आढळले होते, तेथे १९३० नंतरच्या काही वर्षांत शंभराहून अधिक जाती नांदू लागल्या आणि मासेही परतले. पण अस्ट्विथच्या काठचे जस्ताचे ढीग तसेच राहिले. खाणकाम थांबून सुमारे पस्तीस वर्षे लोटल्यावरही जोन्स यांना तिच्या त्या भागात मासे आढळले नाहीत. त्या जुन्या खाणींतून आजही धातू पाझरतात आणि ते अडविण्यासाठी तेथील शासनाला खर्च करावा लागत आहे. आजोबांनी टाकलेल्या कचऱ्याचे ओझे नातवंडे वाहत आहेत.

आपल्या हातीही यातील काही गोष्टी आहेत. निकामी झालेल्या बॅटऱ्या व रंगांचे डबे ओढ्यानाल्यात फेकू नयेत. गणेशमूर्तीच्या चकचकीत रंगांत शिसे व इतर धातू असू शकतात. म्हणून विषारी रंग वापरू नयेत, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली दिल्या आणि २०२० साली त्या सुधारून पुन्हा प्रसिद्ध केल्या. भाद्रपदात आपण मूर्ती पाण्यात सोडतो, तेव्हा पावसाळ्यात जन्मलेली माशांची पिल्ले अजून लहानच असतात, हे ध्यानी असावे. शाडूची मूर्ती व नैसर्गिक रंग यांनी भक्तीत उणेपणा येत नाही, आणि पाण्यातील जीवांनाही अभय मिळते.

नदी बोलत नाही. तिची पिल्ले तर त्याहून मुकी. ती जन्मतात केव्हा आणि नाहीशी होतात केव्हा, हे काठावरून जाणाऱ्याला कळतही नाही. ज्यांना आपले दुःख सांगता येत नाही, त्यांचे दुःख शोधून काढणे हे विज्ञानाचे काम आहे. आणि ते एकदा कळल्यावर दूर करणे, हे सुजाण समाजाचे कर्तव्य आहे.

स्वाध्याय

१. लहान माशांवर जड धातूंचा परिणाम अधिक का होतो? दोन कारणे लिहा.
२. मासे कशामुळे मरतात याविषयी पूर्वी कोणती समजूत होती? कॅथलीन कार्पेंटर यांनी ती कशी खोडून काढली?
३. ‘आईबाप जगले आणि संतती बुडाली,’ हे वाक्य कोणत्या प्रयोगाला उद्देशून आहे? तो प्रयोग तुमच्या शब्दांत सांगा.
४. ऱ्हायडॉल सावरली, पण अस्ट्विथ सावरली नाही. असे का झाले?
५. ‘आजोबांनी टाकलेल्या कचऱ्याचे ओझे नातवंडे वाहत आहेत,’ या वाक्यातील आशय पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.
६. पाठात आलेल्या दोन म्हणी शोधा आणि त्यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.